हावडा पुलाचे पोलाद: खनिजापासून मिश्रधातूपर्यंत

हुगळी नदीच्या दोन तीरांवरील कोलकाता आणि हावडा ही शहरे जोडणारा हावडा पूल ३ फेब्रुवारी १९४३ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याची एकूण लांबी ७०५ मीटर असून दोन मुख्य मनोऱ्यांमधील अंतर सुमारे ४५७ मीटर आहे. नदीच्या पात्रात त्याला एकही खांब नाही. नट-बोल्टऐवजी रिव्हेट वापरून जोडलेल्या या पुलास १९६५ मध्ये 'रवींद्र सेतू' असे नाव देण्यात आले.

या पुलासाठी सुमारे २६,५०० टन पोलाद लागले. बरेचसे पोलाद इंग्लंडहून आणण्याचे ठरले होते. परंतु दुसऱ्या महायुद्धामुळे ते मिळेनासे झाले. तेव्हा सुमारे २३,००० टन पोलाद टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्याने पुरविले. त्यासाठी 'टिस्क्रोम' हे उच्च ताणबलाचे मिश्रपोलाद तयार करण्यात आले.

लोह निसर्गात बहुधा ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या स्थितीत, म्हणजे हेमॅटाइट, मॅग्नेटाइट यांसारख्या खनिजांच्या रूपात आढळते. झोतभट्टीत खनिज, कोक आणि चुनखडी वरून टाकतात व खालून तप्त हवेचा झोत सोडतात. कोकच्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. या क्रियेस क्षपण म्हणतात. चुनखडीपासून झालेला चुना वाळूसारख्या अशुद्धींशी संयोग पावून मळी बनते. ती हलकी असल्याने वितळलेल्या लोखंडावर तरंगते आणि वेगळी काढता येते.

अशा रीतीने मिळालेल्या कच्च्या लोखंडात सुमारे ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ठिसूळ असते. पुलाच्या तुळया त्यापासून होऊ शकत नाहीत. पुढील भट्टीत जास्तीचा कार्बन, सिलिकॉन व फॉस्फरस काढून टाकल्यावर पोलाद तयार होते. त्यात ठरावीक प्रमाणात इतर मूलद्रव्ये मिसळली की मिश्रपोलाद बनते. टिस्क्रोममध्ये क्रोमियम व तांबे अल्प प्रमाणात होते. क्रोमियममुळे पोलादाचे बळ वाढते, तर तांब्यामुळे हवेतील गंजास प्रतिकार होतो. पोलाद अधिक बळकट असल्यास तुळया कमी जाडीच्या ठेवता येतात आणि पुलाचे स्वतःचे वजन घटते. नदीपात्रात खांब नसलेल्या पुलाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते.

मात्र खनिजातून वेगळे केलेले लोह ओलावा व हवा मिळताच पुन्हा ऑक्सिजनशी संयोग पावू लागते. गंजणे म्हणजे एका अर्थी धातूचे खनिजाकडे परतणेच होय. हुगळीकाठच्या दमट हवेत ही क्रिया रोखण्यासाठी पूल वेळोवेळी रंगवावा लागतो. पादचाऱ्यांच्या पान-गुटख्याच्या पिंकांनी खांबांच्या तळाशी असलेली पोलादी आवरणे झिजल्याचेही आढळून आले. काही वर्षांतच त्यांची जाडी ६ मिलिमीटरवरून सुमारे निम्म्यावर आल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर खांबांच्या तळांना फायबरग्लासचे संरक्षण देण्यात आले. युद्धाच्या अडचणीतून देशात घडलेल्या या मिश्रधातूचे आयुष्य आता नियमित देखभालीइतकेच नागरिकांच्या सवयींवरही अवलंबून आहे.