आयसोनियाझिड व फेनिटॉइन : औषधांच्या परस्परक्रियेचा इतिहास आणि ग्रामीण संदर्भ

प्रस्तावना :
भारतातील क्षयरोग नियंत्रणाचा इतिहास बहुधा जंतू, औषधे व शासकीय कार्यक्रम यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. एक औषध दुसऱ्या औषधाच्या चयापचयास अडथळा आणते, ही बाब त्यात दुर्लक्षित राहते. सदर लेखात क्षयरोगावरील आयसोनियाझिड व अपस्मारावरील (फिट येणे) फेनिटॉइन यांच्या आधारे तिचा विचार केला आहे.

ऐतिहासिक आढावा :
फेनिटॉइनचा अपस्मारावरील उपयोग १९३८ मध्ये सिद्ध झाला, तर आयसोनियाझिडचा क्षयरोगावरील गुण १९५२ मध्ये. १९५६ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की, घरी घेतलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच परिणामकारक ठरतात. १९६२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व औषध खेड्यातील घरात पोहोचले. याच दशकात, १९६६ मध्ये, अमेरिकेतील कुट व सहकाऱ्यांनी क्षयरोगाच्या औषधांमुळे फेनिटॉइनचे विघटन मंदावते असे नोंदविले.

कारणमीमांसा :
फेनिटॉइनचे विघटन यकृतातील विकरे करतात. त्यांची क्षमता मर्यादित असते. आयसोनियाझिड त्यांना रोखते. परिणामी नेहमीच्याच मात्रेत रक्तातील फेनिटॉइन वाढते आणि डोळे थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, गुंगी ही लक्षणे दिसतात. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिडचा निचरा जन्मतः मंद होतो, त्यांना धोका अधिक. भारतात अशा व्यक्तींचे प्रमाण मोठे आहे. रिफाम्पिसिन याउलट विघटन वाढविते, त्यामुळे दोन्ही एकत्र असता परिणाम सांगणे कठीण होते.

ग्रामीण संदर्भ :
२०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाच्या घरातील व्यक्तींनाही प्रतिबंधक उपचार दिले जातात. त्यांतील एका पद्धतीत सहा महिने केवळ आयसोनियाझिड असते. मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या गावी एखाद्याची फिटची गोळी कल्याण वा मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेली असते आणि क्षयरोगाची गोळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून मिळते. दोन्ही कागद एकत्र पाहिले न गेल्यास तोल जाण्याचे कारण अशक्तपणा वा दारू समजले जाण्याचा संभव असतो. रुग्णाने घाबरून फिटची गोळी आपणहून सोडल्यास झटके पुन्हा येऊ शकतात. उपचार संपल्यावर फेनिटॉइनचे प्रमाण घटते; म्हणून मात्रेचा फेरविचार तेव्हाही आवश्यक ठरतो.

निष्कर्ष :
उपचार घरापर्यंत नेणे ही गेल्या शतकाची मोठी उपलब्धी होय. मात्र रुग्णाच्या सर्व औषधांची एकत्रित नोंद त्याबरोबर घरापर्यंत गेली पाहिजे. ‘आणखी कोणती गोळी चालू आहे?’ हा आरोग्यसेविकेने विचारलेला प्रश्न या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ आहे.