घरविमा (मालमत्तेच्या नुकसानीचे संरक्षण)

घरविमा : आग, पूर, भूकंप इ. आकस्मिक संकटांत घराची इमारत व त्यातील चीजवस्तूंची हानी भरून देणारा करार. लंडनच्या 1666 च्या आगीनंतर आगविमा रूढ झाला (पहा : आगविमा). भारतातील सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण 1973 मध्ये अमलात आले. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू आहे.

तीत वीज, वादळ, दरड, दंगल आणि पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे यांचाही समावेश होतो. दमणगंगेकाठचे सिल्वासा, किलवणीचा परिसर आणि 2018 पासून भूकंपाचे धक्के बसणारे शेजारचे डहाणू-तलासरी यांच्या दृष्टीने पूर व भूकंप ही कलमे विशेष महत्त्वाची ठरतात (पहा : दादरा व नगर हवेली, भूकंप). विमा रक्कम चटईक्षेत्र व बांधकामखर्चाचा दर यांच्या गुणाकाराने ठरते. जमिनीची किंमत तीत धरत नाहीत. घरसामानाला इमारतीच्या रकमेच्या 20%, कमाल 10 लाख रुपये, संरक्षण आपोआप मिळते : इमारत 40 लाखांची, तर सामान 8 लाखांचे. विमा रक्कम कमी पडली, तरी त्या प्रमाणात भरपाईला कात्री लागत नाही. झीज, युद्ध व हेतुपुरस्सर केलेली हानी वगळलेली असते.