पश्चात्तापातले दोन 'त'

छत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवली. लाल शाईनं सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी 'पश्चात्ताप' हेच सांगेन. पोरं एकच त लिहायची. दर वर्षी फळ्यावर फोड करून दाखवायची : पश्चात् अधिक ताप. एक त पश्चात्‌चा, दुसरा तापाचा. पोरं मान डोलवायची आणि परीक्षेत पुन्हा एकच त. आता वर्तमानपत्रंही एकच त छापतात आणि मी पेन हातात घेऊन बसते. जुनी खोड, दुसरं काय.

हा शब्द परवा पुन्हा डोक्यात आला तो भाच्यामुळे. तो पुण्यात असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. फोनवर म्हणाला, "आत्या, बाप्तिस्मा एकदाच होतो. तारणही एकदाच, असं आपणच सांगतो. मग दर महिन्याला प्रभुभोजनाच्या आधी पुन्हा पापाची कबुली कशासाठी? देव विसरतो की काय?" प्रश्न थट्टेनं विचारलेला नव्हता. मी काहीतरी उत्तर दिलं, पण फोन ठेवल्यावर माझं मलाच ते पटेना. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. आमच्या घरच्यांसाठी तर आहेच, पण ज्यांना ख्रिस्ती घरांतलं फारसं माहीत नाही अशा वाचकांसाठीही.

आधी आजीबद्दल सांगते. आमच्या वऱ्हाडात 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकेतून आलेल्या मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभं राहिलं. अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर, पुढे चिखली, अशी त्यांची ठाणी. १८९९-१९०० च्या दुष्काळात खामगावच्या मिशननं अनाथ मुली सांभाळल्या, त्यांत आमची आजी होती. आपण कुठल्या गावच्या, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. एवढंच आठवायचं की बैलगाडी होती आणि आई नव्हती.

आजीला मी बारा वर्षांची होईपर्यंत पाहिलं. तिची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं (भाकर आणि द्राक्षरस घेऊन ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करायची, तो विधी). त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दिवेलागणीला, आजी पदर डोक्यावर घेऊन गल्लीत निघायची. कुणाची वाटीभर साखर आणलेली असेल ती परत. कुणाशी नळावर बोलाचाली झाली असेल तर त्या बाईच्या ओट्यावर जाऊन बसायची. मुसलमानाचं घर असो, माळ्याचं असो, तिला फरक नव्हता. मला बोटाला धरून न्यायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "पोरी, मनात गाठ ठेवून प्रभूच्या मेजावर नाई जाता येत." मला त्या वयात फक्त एवढंच कळलं होतं की शनिवारी संध्याकाळी आजीबरोबर गेलं की दोन-चार घरांत खाऊ मिळतो.

ही रीत आजीनं कुठून उचलली? तिनं सांगितलं नाही. माझा अंदाज आहे, आणि तो अंदाज केडगावकडे जातो.

पंडिता रमाबाई सगळ्यांना माहीत आहेत त्या विधवांच्या कैवारी म्हणून. शाळेच्या पुस्तकातही तेवढंच असतं. जन्म १८५८, वडील अनंतशास्त्री डोंगरे, मुलीला आणि बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थांतून पुराणं सांगत फिरलं. व्रतं, उपास, दानधर्म, देवापुढची अनुष्ठानं यांत होतं नव्हतं ते गेलं. १८७४ साली दुष्काळाच्या उपासमारीत वडील गेले, पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. उरली ती दोन भावंडं पायी पायी कलकत्त्याला पोचली, पुढे भाऊही गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच नवरा. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं ते सर्वांनी वाचलेलं आहे, त्यात जात नाही.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. १९०७ साली रमाबाईंनी आपली 'साक्ष' लिहिली. आमच्याकडे साक्ष म्हणजे देवानं आपल्याला कसं धरलं याची स्वतःच्या तोंडची हकिकत. तीत त्या जे कबूल करतात ते वाचून मी पहिल्यांदा दचकले होते. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालेला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्या सांगतात. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. हा गृहस्थ इतरांना उपदेश करता करता स्वतःच्याच व्यासपीठावर बदललेला. ते वाचून रमाबाईंना आपली स्थिती उमगली. हे १८९१ च्या सुमाराचं.

जरा थांबून पाहा. १८९१ म्हणजे शारदा सदन सुरू होऊन दोन वर्षं झालेली. अमेरिका पालथी घालून बाई पैसा उभा करून आल्या होत्या. विधवांना अन्न, अक्षर, स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं बळ देत होत्या. जगाच्या लेखी याहून पुण्याचं काम कोणतं? आणि नेमक्या त्याच वेळी बाई म्हणतात, माझ्याजवळ देवाला दाखवायला काही नाही. मला वाटतं, व्रतवैकल्यं करून हाती काही लागत नाही हे त्या लहानपणी भूक सोसून शिकल्या होत्या. चांगल्या कामांचंही व्रतच होऊन बसतं, हे कळायला मात्र आणखी आठ वर्षं लागली. (त्यानंतर १८९३ मध्ये सदनात धर्मप्रसार होतो या आरोपावरून पालकांनी मुली काढून नेल्या, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांचा विश्वास का उडाला हे मी समजू शकते. पण त्या बाईंच्या आत काय घडत होतं, ते कुणी विचारलं नाही.)

मग केडगावचं मुक्ती सदन. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून आणलेल्या मुली, विधवा. संख्या दीड हजारांच्या वर गेली. १९०४ मध्ये वेल्समधल्या मंडळ्यांत मोठं संजीवन झालं, त्याच्या बातम्या इकडे आल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज प्रार्थनेसाठी कोण जमेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्यांच्या साडेपाचशे झाल्या, रोज दोनदा जमणाऱ्या. २९ जूनच्या रात्री मुलींच्या एका खोलीत रडणं सुरू झालं. एका मुलीला जणू आगीनं वेढलंय असं वाटून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं त्या काळच्या वृत्तांतात आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या, तर सगळ्याच मुली मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या आणि बाईंना बोलणं थांबवावं लागलं. दगड घेऊन आलेले लोक एकेक करून निघून जातात, तो हा अध्याय.

आता बादलीची गोष्ट कुणाला पटेल, कुणाला नाही. मलाही मोठ्या आवाजाच्या प्रार्थनेचं थोडं वावडंच आहे. आरडाओरडा झाला म्हणजे आत्मा उतरला असं मानणाऱ्यांपासून मी दोन बाकं लांब बसते. त्याही वेळी रमाबाईंवर या गोंगाटावरून टीका झालीच. पण माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्या गोष्टीनं. त्या मुली अविश्वासी नव्हत्या. बहुतेकींचा बाप्तिस्मा झालेला, रोज पवित्र शास्त्र वाचणाऱ्या. तरी रडल्या. आणि रडून थांबल्या नाहीत, आपापल्या चोऱ्यामाऱ्या आणि भांडणं कबूल करून एकमेकींशी समेट केला. विटाळलेलं मन घेऊन ओळीत बसण्याचा त्यांना कंटाळा आला असावा.

केडगाव आणि आमचं वऱ्हाड ही तेव्हा एकमेकांना परकी नव्हती. अकोल्याच्या अलायन्स मिशनच्या जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या हालांवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाला १९०० साली रमाबाईंनीच प्रस्तावना लिहिली होती. तेव्हा आजी अकरा-बारा वर्षांची असताना तिच्या कानावर केडगावच्या मुलींची गोष्ट पडली असणार, असं मी धरून चालते. पुरावा नाही. वाटीभर साखर, एवढाच काय तो पुरावा.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर मार्टिन लूथरनं १५१७ सालीच देऊन ठेवलंय. त्याच्या पंचाण्णव कलमांतलं पहिलंच कलम हे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणं असा आहे. आपल्या शब्दात पोळणं आहे, त्यांच्या शब्दात वळणं. पण आपल्याकडे संतांचा 'अनुताप' होताच. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणत, ते उगाच नव्हे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पण त्यानंतरचे टिळक लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त पाहा. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि राग ओसरला की लहान मुलासारखे वरमणारे. नवराबायकोच्या त्या भांडणांना आपण हसतो. मी वर्गात शिकवतानाही हसवायचे. १९१७ मध्ये, बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, या माणसानं मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन वर्षांनी ते वारले.

असो. इतिहास इथवर. आता जे सांगायचं टाळत होते ते.

१९८४ साल. मी जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवीला होते. लोणारच्या सहलीचे पैसे जमवले, वीस रुपये कमी भरले. शेवटी पैसे देणारा जो मुलगा, त्याच्यावर माझा संशय गेला. घरची परिस्थिती बेताची. गरिबाच्या पोरावर संशय घ्यायला फारसा विचार करावा लागत नाही. तो नाही नाही म्हणत राहिला, मी हातावर पाच छड्या मारल्या आणि वर्गाबाहेर उभा केला. सहलीला नेला नाही. नवव्या दिवशी हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात आणि खाकी कव्हरात अडकलेली दहा-दहाच्या दोन नोटांची घडी मलाच सापडली. मी हिशेब जुळल्याचं मुख्याध्यापकांना सांगितलं. वर्गाला काही सांगितलं नाही. त्यालाही नाही. वार्षिक परीक्षेनंतर तो दाखला घेऊन गेला.

त्यानंतर दर जूनमध्ये दोन गरीब मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च मी करत आले. सव्वीस वेळा. निवृत्तीच्या निरोप समारंभात तिघांनी भाषणात त्याचा उल्लेख केला, टाळ्या झाल्या. मी मान खाली घालून बसले होते, लोकांना तो विनय वाटला. मी वीस रुपयांचे हप्ते फेडत होते. प्रायश्चित्त म्हणतात ते हेच. त्यात मला त्या मुलासमोर उभं राहावं लागत नव्हतं. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी भाकर मोडून खात होते.

रमाबाईंची साक्ष मी निवृत्तीनंतर पुन्हा वाचली आणि या वेळी त्या आठ वर्षांपाशी अडकले. तरी उठून जायला आणखी काही वर्षं गेली. एका जुन्या विद्यार्थ्याकडून पत्ता मिळाला. तो मुलगा आता पन्नाशीजवळ आलेला, मोटारी दुरुस्तीचं छोटं दुकान आणि थोडी शेती. मुलगा मला म्हणाला, आई, काहीतरी घेऊन जा, निदान मिठाई. मी मुद्दाम काही नेलं नाही. पुन्हा हप्ता नको होता.

त्यानं लगेच ओळखलं, ग्रीसचे हात पुसत स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, कव्हर, नोटा, मुख्याध्यापक. म्हटलं, मी तुझी अपराधी आहे. तो थोडा वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मले मालूम होतं बाई. पैसे सापडले तवाच समजलं मले. त्या दिवसापासून हजेरी घेताना तुम्ही माह्याकडे पायलंच नाई."

पस्तीस वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मला आणि देवाला ठाऊक आहे.

"मग बोलला का नाहीस रे?" मी विचारलं. "बाईले कसं बोलणार?" म्हणाला. त्या सहलीचं मात्र वाईट वाटलं होतं, हे त्यानं लपवलं नाही. लोणारचं तळं त्यानं पुढे पोरांना घेऊन जाऊन पाहिलं. माफ केलं वगैरे शब्द त्यानं वापरले नाहीत, मीही मागून घेतले नाहीत. चहा आला. बायकोला हाक मारून बोलावलं, "आमच्या मराठीच्या बाई," अशी ओळख करून दिली. निघताना ती घरात गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली, घरच्या तुरीची डाळ, दोन किलो तरी असेल. मी नको नको म्हणत राहिले. शेवटी त्यानं ती उचलली आणि एसटीत माझ्या मांडीवर आणून ठेवली.

कंडक्टर म्हणाला, मावशी, पिशवी वर टाकू का? मी नको म्हटलं.