गोंदण, कर्णवेध आणि टॅटू : मुलांच्या कातडीचा निर्णय कुणाचा?

१/ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील अनेक घरांत हल्ली एक वाद हमखास झडतो. अकरावीतल्या मुलाला मनगटावर टॅटू हवा असतो, मुलीला कानाच्या वरच्या कडेला आणखी एक भोक हवे असते, आणि आईवडील म्हणतात, "आपल्यात असले काही चालत नाही." इतिहासाची साक्ष या वाक्याच्या विरुद्ध जाते. कातडी टोचणे आणि गोंदणे 'आपल्यात' फार जुने आहे. मग या वादात नवे काय आहे? #थ्रेड

२/ आरंभ कानापासून. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचण्याविषयी आहे. बाळ सहाव्या-सातव्या महिन्याचे असताना त्याला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळण्यांनी रमवावे, पाळी उन्हात धरून नैसर्गिक पातळ जागा हेरावी आणि तिथेच वेध करावा. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. नंतर भोकात कापसाची वात. हेतू दोन सांगितले आहेत : रक्षण आणि भूषण.

३/ चुकीच्या शिरेला सुई लागली तर ताप, सूज, वेदना होतात, हेही तिथेच नोंदले आहे. फाटलेली पाळी पुन्हा सांधण्याच्या पंधरा रीतीही याच अध्यायात येतात. म्हणजे इजा होऊ शकते हे त्या काळाला ठाऊक होते आणि तिच्या दुरुस्तीची तजवीजही होती. विचारले जात नव्हते ते फक्त बाळाला.

४/ अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातील शिलालेख तिथे आहे. मंदिराच्या बाह्य भिंतींवरील मूर्ती पाहताना त्यांचे कान जरूर न्याहाळावेत. जड कुंडले पेलणाऱ्या कानांचे हे शिल्पजग आहे. पुढे नजर नाकाकडे न्यावी, कारण खरी गंमत तिथे आहे.

५/ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा माग काढला. सुमारे इसवी सन १०००च्या आधी भारतीय वाङ्मयात वा शिल्पात नाकातील दागिन्याचा खात्रीचा पुरावा सापडत नाही, असे त्यांनी मांडले. आज नथीवाचून मराठी नवरी पूर्ण वाटत नाही. 'अनादी' वाटणाऱ्या या चालीलाही कधीतरी पहिला दिवस होता.

६/ महाराष्ट्रात बाळाचे कान बहुधा बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमारास टोचले जात. काम सोनाराचे आणि तार सोन्याची. 'सोनारानेच कान टोचावे लागतात' ही म्हण त्यातूनच आली. बोल कुणाचा मानायचा, हे ती सांगते. पण तिच्यामागे रोकडा व्यवहारही आहे : हात सराईत हवा, धातू शुद्ध हवा, आणि काही बिघडले तर जाब विचारायला माणूस गावातलाच हवा.

७/ मुलग्यांच्या टोचण्यामागे पुष्कळदा भीती असे. आधीची अपत्ये दगावली, की पुढच्या मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणत. मृत्यूने त्याला मुलगी समजावे किंवा कवडीमोल मानून सोडून द्यावे, ही आशा. भिकू, धोंडू, दगडू, केरू ही नावे त्याच कुळातली. भिकबाळीचा संबंधही भीक मागून वाचवलेल्या मुलाशी जोडला जातो.

८/ ही भीती पोकळ नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे २०० बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. अशा काळात मुलाच्या अंगावरची खूण म्हणजे आईवडिलांनी मृत्यूशी केलेला सौदा होता. तिथे त्या मुलाच्या आवडीनिवडीचा प्रश्न उपस्थित होण्याइतकी उसंतच नव्हती.

९/ आता गोंदण. अंबरनाथ-बदलापूरच्या मागे सह्याद्रीकडे सरकणाऱ्या डोंगरपट्ट्यात ठाकूर आणि कातकरी वस्त्या आहेत. तिथल्या आणि एकूणच ग्रामीण महाराष्ट्रातील वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवट निळे ठिपके आजही दिसतात. कुठे तुळस, कुठे विंचू, कुठे देवाचे नाव. सोने चोर नेतो, सावकार नेतो. गोंदण मात्र सरणापर्यंत सोबत येते, ही त्यामागची श्रद्धा.

१०/ दिव्याची काजळी कालवायची, दोन-चार सुया एकत्र बांधायच्या, कातडी ताणून धरायची आणि टोचत जायचे. वर हळद. गावोगाव फिरणाऱ्या गोंदणारणी हे काम करीत. मोबदला धान्याचा किंवा थोड्या पैशांचा. मुलगी लहान असे, बहुधा लग्नाआधीची. रडली तर थोरल्या बायका तिला धरून ठेवीत. गोंदणाशिवाय सासरी गेलेल्या मुलीला टोमणे ऐकावे लागत.

११/ येथे भूगोल बदलतो. १९२०च्या दशकात अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित उतरले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. बदलापूर २००१ मध्ये सुमारे ९८ हजार वस्तीचे होते, २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेले. गोंदणाची सक्ती करणारी गावकी आणि भावकी मागे राहिली. निर्णय दोन खोल्यांच्या घरात, दोन माणसांवर येऊन पडला.

१२/ शाळा, नोकरी आणि लोकलचा प्रवास यांच्या जगात गोंदण 'खेडवळ' ठरले. अनेक आयांनी आपल्या मुलींना त्यातून मुद्दाम वगळले. पुष्कळ घरांची वंशावळ म्हणून अशी दिसते : आजीच्या हातावर गोंदण, आईचा हात कोरा, नातीला टॅटू हवा. आजीला विचारले गेले नव्हते. आईलाही नाही; कोरा हातसुद्धा तिच्या वतीने इतरांनीच ठरवला होता. स्वतः मागणारी नात पहिली.

१३/ तिच्यासमोरचे यंत्रही वेगळ्या वंशाचे. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅटूयंत्राचे पेटंट घेतले. त्यामुळे काम वेगवान झाले आणि नक्षीला मर्यादा उरली नाही. तुळस की विंचू, हे रूढी ठरवीत असे. आता चित्र, जागा, आकार, सारेच त्या व्यक्तीने निवडायचे. निवड आली तसा पस्तावाही वैयक्तिक झाला.

१४/ कायदा काय म्हणतो? १८६०च्या दंडसंहितेनुसार १८ वर्षांवरील व्यक्तीने संमतीने पत्करलेली किरकोळ इजा गुन्हा ठरत नाही. १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पालकाची संमती चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही या तरतुदी जवळपास तशाच आहेत. बारा ते अठरा, म्हणजे नेमके हट्टाचे वय, या दोहोंच्या मधल्या फटीत सापडते.

१५/ ब्रिटनने ही फट १९६९ मध्ये बुजवली. तिथे अठरा वर्षांखालील कुणालाही टॅटू काढून देणे गुन्हा आहे, आणि आईवडिलांच्या होकारानेही तो माफ होत नाही. तिथे निर्णय राज्यसंस्थेने घेतला. भारतात टॅटूसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे घरातला 'हो' किंवा 'नाही' येथे फार वजनदार ठरतो.

१६/ त्या शब्दाचे परिणामही ठोस आहेत. सैन्यभरतीत कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे एवढाच चालतो. आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे, म्हणजे जुन्या गोंदणाचा मान सरकारी नियमातही टिकून आहे. टॅटूनंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, कारण अशुद्ध सुईतून काविळीचे आणि एचआयव्हीचे विषाणू शिरू शकतात.

१७/ जुन्या व्यवस्थेने मुलांना बोलू दिले नाही, हे खरे. पण कुणाच्या हातून, कुठल्या धातूने, शरीराच्या कुठल्या जागी, हे प्रश्न तिने काटेकोर सोडवले होते. आजच्या घराला ते प्रश्न पुन्हा सोडवायचे आहेत आणि शिवाय मुलाचे म्हणणेही ऐकायचे आहे. कानाचे भोक कालांतराने बुजू शकते, गोंदण बुजत नाही. होकार-नकाराचे माप या दोहोंसाठी एकच कसे असेल?

१८/ ज्यांच्या घरी गोंदलेली आजी किंवा पणजी आहे, त्यांनी तिला तीन गोष्टी विचाराव्यात : वय काय होते, गोंदणारीण कुठून आली होती, आणि तुला विचारले होते का? अशी उत्तरे कुठल्याही दफ्तरखान्यात मिळत नाहीत. ती सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे, म्हणून ऐकलेले लिहून ठेवावे. (समाप्त)