बुरखाबंदी : मुक्ती की सक्ती?

चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने २०२४ मध्ये हिजाब, नकाब, बुरखा व टोपीवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनींची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून रोजी फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपीवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. फ्रान्समध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास ११ एप्रिल २०११ पासून कायद्याने मनाई आहे.

पडदा स्त्रीच्या आरोग्याला आणि मनाच्या वाढीला मारक आहे, अशी परखड टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात केली. ती आम्हाला मान्य आहे. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला अस्पृश्यतेची खूण असलेला पेहराव सोडा, असे बाबासाहेबांनी स्त्रियांना समजावून सांगितले. बदल स्त्रियांनी स्वतः केला.

देवगाव फाट्यावरून एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलीला घरचे बुरख्याशिवाय सोडत नसतील आणि फाटकावर बुरख्यासह घेत नसतील, तर सुटते ते शिक्षणच. ओळख पटवण्यापुरता चेहरा महिला कर्मचाऱ्याने पाहावा. घालण्याची सक्ती नको, काढण्याचीही नको. शिकलेली मुलगी तिचे ती ठरवील, असे आम्ही मानतो.