कंपनीचे भांडवल, लोकांची अनामत

मोठी कंपनी एखाद्या लहान, नव्या कंपनीत पैसे घालते, तेव्हा तिला नफ्याखेरीज आणखीही काही हवे असते. सावकार मुद्दल आणि व्याज मोजून घेतो व बाजूला होतो. कंपनीची नजर मात्र या नव्या धंद्यातून आपल्या मूळ धंद्याला काय मिळेल, यावर असते. आज या व्यवहाराला ‘कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटल’ म्हणतात आणि संगणक व डिजिटल आरोग्याच्या क्षेत्रात तो सर्रास चालतो. त्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. तो ठाऊक असला तर आपल्या मोबाईलमधल्या आरोग्याच्या ॲपकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू.

पहिल्या महायुद्धात दारूगोळा विकून अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने अमाप पैसा मिळवला. युद्ध संपले की ही मागणी घटणार, हे उघड होते. डिसेंबर १९१७ मध्ये कंपनीचे खजिनदार जॉन रास्कोब यांनी संचालकांपुढे एक अहवाल ठेवला आणि जनरल मोटर्स या मोटार कंपनीचे समभाग घ्यावेत, अशी शिफारस केली. मोटारींना लागणारा रंग, वार्निश आणि कृत्रिम चामडे यांचा सगळा धंदा त्यामुळे आपल्याकडे येईल, हे कारण त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिले होते. संचालकांनी अडीच कोटी डॉलर मंजूर केले. पुढे ड्यूपाँचा हिस्सा सुमारे २३ टक्क्यांवर गेला. १९४६ मध्ये जनरल मोटर्सला लागणाऱ्या रंगरोगणापैकी ६७ टक्के माल एकट्या ड्यूपाँकडून येत होता.

१९४९ मध्ये अमेरिकी सरकारने खटला भरला. १९५७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ड्यूपाँच्या विरोधात निकाल दिला. हा धंदा केवळ मालाच्या गुणवत्तेवर मिळालेला नाही, त्यामागे समभागांची मालकी आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. गुंतवणूकदार कंपनीचे दोन हेतू असतात आणि दुसरा हेतू समाजाला घातक ठरू शकतो, ही गोष्ट अशी कायद्याच्या नजरेत आली.

त्याच वर्षी, १९५७ मध्ये, जॉर्ज डोरिओ यांच्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ या गुंतवणूक संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले. डोरिओ यांच्या संस्थेला ना रंग विकायचा होता, ना चामडे. कंपनी वाढली तर पैसा वाढेल, एवढाच हिशेब होता, आणि तो विलक्षण यशस्वी ठरला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनीही असे स्वतंत्र विभाग काढले. जॉन्सन अँड जॉन्सनने १९७३ मध्ये आपली गुंतवणूक कंपनी स्थापन केली. साधन डोरिओ यांचे आणि हेतू ड्यूपाँचे, असा हा मेळ होता.

डिजिटल आरोग्यात या मेळाचे काय झाले, ते ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीच्या कहाणीत दिसते. माणसाच्या गुणसूत्रांच्या २३ जोड्यांवरून हे नाव पडले. कॅलिफोर्नियात २००६ मध्ये ती स्थापन झाली. ग्राहकाने नळीत थुंकी भरून पाठवायची आणि कंपनीने त्याच्या जनुकांचा अहवाल द्यायचा, असा हा धंदा. २००७ मध्ये पहिल्या मोठ्या गुंतवणूकदारांत गूगल आणि जेनेंटेक ही औषध कंपनी होती. सुरुवातीला चाचणीची किंमत ९९९ डॉलर होती, २०१२ मध्ये ती ९९ डॉलरवर आणली गेली. चाचणी स्वस्त झाली, कारण खरा धंदा चाचणी विकण्याचा नव्हताच. लाखो लोकांची जनुकीय माहिती एका ठिकाणी जमवणे, हा खरा धंदा होता. २०१८ मध्ये औषध कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ३० कोटी डॉलर गुंतवले. त्याबरोबरच या माहितीच्या आधारे नवी औषधे शोधण्याचा चार वर्षांचा खास करार तिला मिळाला.

येथे न्याय्य बोलले पाहिजे. औषधाचे संशोधन महाग असते आणि असा पैसा आला नसता तर कित्येक कामे सुरूच झाली नसती. संशोधनासाठी ग्राहकांची संमतीही घेतली जात होती आणि बहुसंख्य ग्राहकांनी ती दिली होती. पण कंपनीच्या गोपनीयता धोरणात आणखी एक वाक्य होते : दिवाळे निघाल्यास किंवा कंपनी विकली गेल्यास ही माहिती दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. ते किती जणांनी वाचले असेल?

२०२३ मध्ये चोरांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून सुमारे १४ हजार खाती उघडली. नातेवाईक शोधण्याची सोय खात्यांना जोडलेली होती. त्यामुळे तब्बल ६९ लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. अश्केनाझी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या करून त्या विक्रीला काढल्या गेल्या. जमातवार याद्यांचा अर्थ काय असतो, हे कोणत्याही अल्पसंख्याक समाजाला समजावून सांगावे लागत नाही. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी ग्राहकांना आपली माहिती पुसून घेण्याची आठवण करून दिली. सुमारे दीड कोटी माणसांची जनुकीय माहिती लिलावात आली. अखेर कंपनीच्या संस्थापक ॲन वोजसिकी यांच्याच ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला ती घेतली. गोपनीयतेची जुनी वचने पाळण्याचे आश्वासन मिळाले. पण लिलावात दुसरा कुणी जिंकला असता तर हाती उरले असते ते त्याचे आश्वासन.

ड्यूपाँच्या प्रकरणात नुकसान झाले ते इतर रंगवाल्यांचे. ते प्रतिस्पर्धी होते आणि न्यायालयाला ते दिसत होते. येथे ज्याची देवघेव झाली ती माणसाच्या शरीराची माहिती. ती एकट्याचीही नसते. एका भावाने थुंकी दिली की दुसऱ्या भावाची, मुलांची, अजून न जन्मलेल्या नातवंडांचीही बरीच माहिती गेली. त्यांची संमती कुणीच मागितलेली नसते.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा हक्क मान्य केला आहे, ही चांगली गोष्ट. मात्र आरोग्याच्या माहितीचा वेगळा, अधिक जपण्याचा वर्ग त्यात केलेला नाही. रक्ताचा अहवाल आणि दुकानातल्या खरेदीचा तपशील कायद्याच्या लेखी एकाच माळेचे मणी राहतात.

मराठीतला ‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला. विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. ती जपायची असते आणि मागताच परत करायची असते. ठेवून घेणाऱ्याचे दिवाळे निघाले म्हणून ती त्याच्या मालमत्तेत मोजली जात नाही. आरोग्याची माहिती कायद्याने याच वर्गात धरली पाहिजे. तोपर्यंत ॲपवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबण्यापूर्वी त्या कंपनीत पैसा कुणाचा आहे, आणि त्या पैसेवाल्याचा मूळ धंदा कोणता, एवढे तरी आपण विचारून घ्यावे.