गृहनिर्मित विमान
गृहनिर्मित विमान : हौशी व्यक्तीने कारखान्याबाहेर, घरी, गॅरेजमध्ये किंवा गच्चीवर, स्वतःच्या आराखड्यावरून अथवा उत्पादकाने पुरविलेल्या सुट्या भागांच्या संचातून जोडलेले हलके विमान. संचात बहुधा छिद्रे पाडून कापलेले ॲल्युमिनियमचे पत्रे व पंखांच्या फासळ्या असतात. इंजिन, पंखा (प्रोपेलर) आणि उपकरणे सहसा वेगळी घ्यावी लागतात. जोडणी पुष्कळदा शेपटीपासून सुरू करतात, कारण तो भाग लहान असल्याने हात बसतो आणि बिघडलेला पत्रा बदलणे फारसे महाग पडत नाही. रिव्हेट ठोकण्यापूर्वी छिद्रांच्या कडांवरील धातूची कुसळे घासून काढतात. ती राहिल्यास कंपनांमुळे तेथून तडा जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत, जेथे पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 मध्ये एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली, अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी वा छंदासाठी केलेले असावे लागते.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण संचाचे नसून स्वतंत्र आराखड्याचे आहे. व्यावसायिक वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, जे फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात प्रदर्शित झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2017 मध्ये त्याची नोंदणी केली आणि 2019 मध्ये उड्डाण परवाना दिला. पुढे 2020 मध्ये धुळे येथे त्याची चाचणी उड्डाणे झाली.